जुन्या मोटारीचे कुलूप : जोर नको, निगा हवी



आपल्या कार्यक्षेत्रातील कोणत्याही गावात गेले तरी एखाद्या वाड्यापुढे, वस्तीवरच्या शेडमध्ये किंवा चिंचेच्या सावलीत एखादी ॲम्बॅसडर, एखादी पद्मिनी, नाहीतर पहिल्या पिढीतली मारुती हमखास उभी दिसते. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ॲम्बॅसडर निघणे २०१४ साली थांबले. मारुती ८०० देखील त्याच साली बंद झाली. कुर्ल्याची पद्मिनी तर त्यांच्या कितीतरी आधी थांबली. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पद्मिनी काढणारी प्रीमियर कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केली होती. रावळगाव आणि वालचंदनगर येथे साखर कारखाने उभारणारे तेच हे गृहस्थ. म्हणजे साखरेचे आणि या गाडीचे नाते तसे जुनेच आहे.

या गाड्या आपल्या लोकांनी घरच्या बैलासारख्या सांभाळल्या आहेत. इंजिनाचे काम निघाले की मेस्त्री येतो, टायर झिजले की बदलले जातात. मात्र कुलपाकडे कोणी बघत नाही. किल्ली अडली की "लाव जरा जोर!" एवढाच इलाज ठाऊक. जोर लावला की किल्ली वाकते, दुसऱ्यांदा लावला की तुटते. मग भंगारातून दुसरे कुलूप आणायचे, त्याची किल्ली वेगळी, आणि एका गाडीला तीन-तीन किल्ल्यांचा जुडगा होतो. नवे अस्सल कुलूप मिळणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. म्हणून आहे ते कुलूप टिकवणे हाच शहाणपणा.

पण आम्ही हा विषय घेतला तो केवळ खर्च वाचावा म्हणून नव्हे. दार बाहेरून उघडले नाही तर खोळंबा होतो. दार आतून उघडले नाही तर जिवावर बेतते. त्याविषयी लेखाच्या उत्तरार्धात सविस्तर लिहिले आहे. तो भाग घरातल्या सर्वांना वाचून दाखवावा, ही विनंती.

कुलूप एक नाही, दोन आहेत

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोटारीच्या दारात दोन वेगवेगळ्या वस्तू असतात आणि आपण दोघींनाही 'लॉक' म्हणतो.

पहिली वस्तू म्हणजे किल्ली जाते ते कुलूप. हे नाजूक काम आहे. घड्याळाइतके नाही, पण त्याच्या जातीचे. दुसरी वस्तू म्हणजे दाराच्या कडेला असलेला खटका. दार लावल्यावर जो खांबावरच्या लोखंडी अडणीला धरून ठेवतो, तो. हे दांडगे काम आहे, बैलगाडीच्या आसाच्या जातीचे. या दोघांना जोडणाऱ्या बारीक सळया दाराच्या पोटात असतात.

या दोहोंची दुखणी वेगळी आणि औषधेही वेगळी. नाजूक कुलपात घट्ट ग्रीस भरले तर ते बसते. दांडग्या खटक्याला नुसता पातळ फवारा मारला तर तो आठ दिवसांत पुन्हा कोरडा पडतो. कुलपाला कोरडे, खटक्याला ओशट, एवढे एक वाक्य लक्षात राहिले तरी या लेखाचे निम्मे काम झाले.

किल्ली घातल्यावर आत काय होते?

किल्लीच्या कुलपात एक गोल गाभा असतो. तो बाहेरच्या नळीत फिरतो. या गाभ्याला आडव्या खाचा पाडलेल्या असतात आणि प्रत्येक खाचेत एक पातळ पितळी पत्ती बसवलेली असते. पत्तीच्या मध्ये चौकोनी खिडकी असते आणि बाजूला केसासारखी बारीक स्प्रिंग. किल्ली नसताना स्प्रिंग पत्तीला ढकलते, पत्तीचे टोक गाभ्याबाहेर येऊन नळीच्या खोबणीत अडकते. गाभा फिरत नाही, म्हणजेच कुलूप लागलेले राहते.

किल्ली आत गेली की ती पत्त्यांच्या खिडक्यांतून जाते. किल्लीवरचे चढउतार त्या त्या पत्तीला नेमके हवे तेवढे सरकवतात. सगळ्या पत्त्या गाभ्याच्या काठाशी समपातळीत आल्या की गाभा मोकळा होतो आणि किल्ली फिरते. एकही पत्ती अर्ध्या मिलिमीटरने मागेपुढे राहिली तर किल्ली फिरत नाही.

आता विचार करा. अशा ठिकाणी धुळीचा कण गेला, तेलाचा चिकट थर बसला किंवा गंज धरला तर स्प्रिंगची ताकद ती किती! पत्ती आहे तिथेच चिकटून बसते. अशा वेळी आपण किल्लीला दिलेला पीळ त्या पत्तीला हलवत नाही, उलट तिला नळीच्या काठावर दाबून धरतो. जितका जोर जास्त, तितकी पत्ती घट्ट. म्हणून अडलेल्या कुलपावर जोर चालत नाही. आणि पक्कड लावून किल्ली पिळणे म्हणजे तर आपल्या हाताने किल्लीचा बळी देणे.

कुलूप का अडते?

आपल्या भागात मुख्य कारणे पाच आहेत.

एक, धूळ. हंगामात ऊसवाहतुकीच्या रस्त्यावर पीठ पडावे तशी धूळ असते. कारखाना परिसरात त्यात बगॅसचे तूस आणि बॉयलरच्या धुराड्यातली बारीक राख मिसळते. किल्लीच्या तोंडावर स्प्रिंगची एक छोटी झडप असते. ती तुटली किंवा उघडीच अडकली की आत जायला धुळीला रस्ता मोकळा.

दोन, पाणी. गाडी धुताना दारावर थेट पाण्याचा जोरदार फवारा मारला जातो. खंडेनवमीला पूजेच्या आधी तर हे हमखास होते, आणि त्यानंतर किल्लीच्या तोंडाशीच ओले हळदकुंकू लावले जाते. पूजा जरूर करावी, पण गंध हँडलच्या वर पत्र्यावर लावावे, किल्लीच्या भोकावर नको.

तीन, न वापरणे. बहुतेक जण ड्रायव्हरच्या बाजूचेच दार किल्लीने उघडतात. पलीकडच्या दाराचे आणि डिकीचे कुलूप वर्षानुवर्षे फिरत नाही. कुलपाची नळी पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूची असते. ओल लागली की तिला पांढरी भुकटी धरते आणि गाभा आत जखडतो.

चार, झिजलेली किल्ली. पितळ मऊ असते. वीस-तीस वर्षांत किल्लीचे उंचवटे गोल होतात. कुलूप चांगले असते, पण किल्ली त्याला खरी माहिती सांगत नाही. त्यात झिजलेल्या किल्लीवरून दुसरी बनवली, तिच्यावरून तिसरी, की प्रत्येक नकलेत चूक वाढत जाते.

पाच, चुकीचे तेल. हे कारण सगळ्यात मोठे आहे, म्हणून त्याचा स्वतंत्र विचार करू.

घरातले तेल कुलपाचे शत्रू

"अहो, तेल तर गेल्या महिन्यातच घातलंय, तरी फिरंना!" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण कोणते तेल घातले?

खोबरेल घातले असेल तर ते साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागते. मार्गशीर्ष-पौषात आपल्याकडे पहाटे पारा त्याच्या कितीतरी खाली असतो. बाटलीतले खोबरेल जसे पांढरे होऊन बसते तसेच ते कुलपातही बसते. म्हणून दुपारी फिरणारी किल्ली पहाटे फिरत नाही. नेमकी गडबडीची वेळ ती, आणि दोष मात्र थंडीला मिळतो.

करडईचे किंवा जवसाचे तेल घातले असेल तर गोष्ट आणखी वाईट. ही तेले हवेत सुकून त्यांचा पापुद्रा बनतो. रंग आणि वार्निशात जवसाचे तेल घालतात ते याच गुणामुळे. कुलपात हे तेल घालणे म्हणजे पत्त्यांना वार्निश लावणेच होय. शेंगदाण्याचे तेलही कालांतराने खवट होऊन चिकटते. खाण्याचे कोणतेही तेल कुलपात घालू नये.

इंजिनातून काढलेले काळे तेल फुकट मिळते म्हणून पुष्कळ जण वापरतात. त्यात काजळी आणि धातूचा बारीक कीस असतो, त्यामुळे कुलूप आतून घासले जाते. ग्रीस तर किल्लीच्या भोकात कधीच भरू नये. ते धुळीला धरून ठेवते आणि बारीक स्प्रिंगला हलूच देत नाही.

मग घालावे काय? कुलूप धुण्यासाठी पातळ, गंज सोडवणारा फवारा वापरावा. डब्ल्यूडी-४० सारखे डबे स्पेअरपार्टच्या कोणत्याही दुकानात मिळतात. पूर्वी हे काम रॉकेलवर होई, पण रॉकेल आता सहजी मिळत नाही. मात्र हा फवारा धुण्यासाठी आहे, वंगण म्हणून तो फार दिवस टिकत नाही. धुऊन वाळल्यावर कोरडे वंगण द्यावे. ते म्हणजे ग्राफाइटची भुकटी किंवा टेफ्लॉनचा कोरडा फवारा. ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीच्या शिशातला काळा पदार्थ. त्याला धूळ चिकटत नाही. ज्यांचे जाणेयेणे कोकणात समुद्रकाठी असते त्यांनी टेफ्लॉन पसंत करावा, कारण खाऱ्या ओलीत ग्राफाइटमुळे जस्ताला गंज लवकर धरू शकतो.

एक पथ्य मात्र पाळावे. ग्राफाइट आणि तेल एकत्र करू नये. त्यांचा काळा राब तयार होतो आणि पहिल्यापेक्षा अवस्था वाईट होते.

आधी दुखणे ओळखा

डॉक्टर आधी नाडी बघतो, मग गोळी देतो. कुलपाचेही तसेच आहे. पुढील तपासणीला पाच मिनिटे लागतात.

१. घरात ठेवलेली दुसरी, कमी वापरलेली किल्ली लावून पाहा. तिने कुलूप सहज फिरले तर दोष किल्लीचा.

२. किल्ली पूर्ण आत जात नसेल किंवा आत जाऊन फिरत नसेल तर दोष पत्त्यांचा, म्हणजे कुलूप धुवायला हवे.

३. किल्ली फिरते, पण आतली खुंटी वरखाली होत नाही, तर दाराच्या पोटातली सळई निसटली आहे किंवा तिची क्लिप तुटली आहे. कुलपात कितीही तेल घातले तरी उपयोग नाही.

४. खुंटी वर येते, पण हँडल ओढल्यावर दार सुटत नाही, तर दोष खटक्याचा.

५. दार उघडे ठेवून हँडल व खटका चालवून पाहा. दार उघडे असताना सगळे मऊ चालते आणि बंद केल्यावरच जड होते, असे असेल तर दोष कुलपाचाही नाही, खटक्याचाही नाही. दार खाली लोंबले आहे.

ही पाचवी तपासणी फार महत्त्वाची आहे. चांगली कुलपे निष्कारण बदलली जातात ती ही तपासणी न केल्यामुळे.

लागणारे साहित्य

गंज सोडवणाऱ्या फवाऱ्याचा डबा व त्याची बारीक नळी, ग्राफाइटची भुकटी (न मिळाल्यास ४बी किंवा ६बी ची मऊ पेन्सिल), ग्रीसची छोटी डबी, शिवणयंत्राचे तेल, दातांचा जुना ब्रश, सुती फडके, जुने वर्तमानपत्र आणि एक स्क्रू ड्रायव्हर. जवळ विडी-सिगारेट नको. फवारा पेट घेणारा असतो. कुलूप धुण्यासाठी पेट्रोल वापरू नये. थिनरही नको, त्याने दाराचा रंग उतरतो.

किल्लीच्या कुलपाची निगा

प्रथम किल्ली साबणाच्या पाण्याने व ब्रशने धुऊन कोरडी करावी. खिशातली तंबाखू, चुना आणि धूळ किल्लीच्या खाचांत बसते व तीच आपण रोज कुलपात भरत असतो.

दाराखाली वर्तमानपत्र पसरावे. किल्लीच्या भोकाची झडप काडीने किंचित दाबून फवाऱ्याची नळी आत घालावी आणि दोन-तीन सेकंद फवारा मारावा. काळे पाणी बाहेर येईल. ते पुसून घ्यावे. पाच मिनिटे थांबून किल्ली आतबाहेर वीस-पंचवीस वेळा करावी. फिरवायची नाही, फक्त आतबाहेर. यामुळे पत्त्या आपल्या खाचांत वरखाली होऊन मोकळ्या होतात. दर वेळी किल्ली फडक्याला पुसावी. किल्लीवर काळे येणे थांबेपर्यंत फवारा आणि हा व्यायाम तीन-चार वेळा द्यावा.

आता किल्ली पूर्ण आत सारून, मग केसभर मागे घेऊन, दोन बोटांनी हलकेच डावी-उजवीकडे हलवून पाहावी. फक्त अंगठा आणि पहिले बोट. मूठ वळली की जोर जास्त लागतो. तरीही फिरली नाही तर फवारा मारून रात्रभर तसेच ठेवावे. वर्षानुवर्षे जखडलेले कुलूप कधी कधी तीन-चार दिवस घेते. घाई करू नये. हँडलवर लाकडी मुठीने अगदी हलके ठोकले तरी पत्त्या सुटायला मदत होते.

कुलूप मोकळे झाले की एक दिवस वाळू द्यावे. त्यानंतर ग्राफाइटची चिमूटभर भुकटी भोकात फुंकावी. भुकटी नसेल तर मऊ पेन्सिल किल्लीच्या दोन्ही अंगांवर व दातांवर घासून किल्ली काळी करावी आणि आतबाहेर करावी. असे पाच-सहा वेळा केले म्हणजे पुरे. साध्या एचबी पेन्सिलीत मातीचा अंश जास्त असतो, म्हणून मऊ पेन्सिल घ्यावी. शेवटी किल्ली पुसावी, नाहीतर धोतर-सदऱ्याचा खिसा काळा होईल.

खटक्याची निगा

दार उघडून त्याच्या कडेवरचा खटका पाहावा. बहुतेक गाड्यांत जुने ग्रीस आणि धूळ मिळून तिथे डांबरासारखा थर झालेला असतो. त्यावर नवे ग्रीस चोपडणे म्हणजे न झाडता सारवणे. आधी फवारा व ब्रशने तो थर पूर्ण काढावा, फडक्याने कोरडे करावे.

मग स्क्रू ड्रायव्हरने खटका दार बंद झाल्याप्रमाणे आत ढकलावा आणि हँडल ओढून सोडवावा. असे दहा-पंधरा वेळा करावे. दार लावण्यापूर्वी खटका सुटलेला आहे याची खात्री करावी. तो बंद स्थितीत असताना दार आपटले तर खटका आणि अडणी दोन्ही दुखावतात. सांध्यांवर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब आणि घासणाऱ्या पृष्ठभागावर हरभऱ्याएवढे ग्रीस द्यावे. जास्तीचे पुसावे. कपड्याला डाग पडतो तो या जास्तीच्या ग्रीसमुळे.

आतली सळई निसटली असेल तर काचेचा दांडा, हँडल आणि दाराच्या आतल्या बाजूचे रेक्झिनचे आच्छादन काढावे लागते. हे काम जमत असेल त्यानेच करावे, कारण जुन्या क्लिपा लगेच मोडतात. आच्छादन उघडलेच आहे तर सर्व सळयांच्या टोकांना थोडे ग्रीस द्यावे. आणि एक गोष्ट आवर्जून करावी. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. ती मातीने बुजलेली असतात. काडीने मोकळी करावीत. काचेच्या फटीतून आत गेलेले पावसाचे पाणी तिथे साचते, खालून दार कुजते आणि त्याच ओलीने वरचा खटका गंजतो.

दार लोंबले असेल तर

दार अर्धे उघडून त्याची मोकळी कड दोन्ही हातांनी हलकेच वर उचलून पाहावी. खडखड हलले तर बिजागरीची खीळ झिजली आहे. नुसते स्क्रू ढिले असतील तर आवळून भागते. खीळ झिजली असेल तर ती बदलूनच घ्यावी. आम्ही मिलचे रोलर घासू लागले की आधी बेअरिंग बघतो, रोलरला दोष देत नाही. तोच न्याय इथे.

खांबावरची अडणी थोडी सरकवूनही दार जुळते. ती ढिली करण्यापूर्वी तिच्या भोवती पेन्सिलीने रेघ ओढावी, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. एका वेळी एक मिलिमीटरपेक्षा जास्त सरकवू नये.

इग्निशन, डिकी आणि बॉनेट

इग्निशनच्या कुलपाच्या पाठीमागे विजेची जोडणी असते. ग्राफाइटमधून वीज वाहते. म्हणून बॅटरीची अर्थिंगची तार सोडल्याशिवाय तिथे काहीही घालू नये, आणि शक्यतो किल्लीला पुसट पेन्सिल लावण्यापलीकडे जाऊ नये. किल्लीला घराच्या, कपाटाच्या आणि मोटारपंपाच्या खोलीच्या किल्ल्यांचा जुडगा लटकवण्याची सवय मोडावी. रस्त्यावरच्या धक्क्यांनी ते वजन दिवसभर कुलपाला झिजवते. ज्या गाडीत स्टिअरिंगला कुलूप लागते तिथे किल्ली अडली तर स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवत किल्ली फिरवावी. पुष्कळदा अडचण एवढीच असते.

डिकीच्या कुलपाला वरून पाऊस आणि खालून रस्त्याची माती असा दुहेरी मार असतो. त्याला वर्षातून दोनदा तरी किल्ली लावून फिरवावे. बॉनेटची केबल जड झाली असेल तर ती तुटण्याची वाट न पाहता तिच्या टोकाकडून पातळ तेल सोडावे. बॉनेटचा दुसरा, सुरक्षेचा आकडा नीट अडकतो ना, हे दर वेळी हाताने पाहावे. चालत्या गाडीचे बॉनेट उघडून काचेवर आले तर समोरचे काहीच दिसत नाही.

किल्ली तुटलीच तर

तुटलेला तुकडा आत ढकलू नये. तोंडाशी दिसत असेल तर आधी फवारा मारावा. मग बारीक करवतीच्या पात्याचा तुकडा दाते बाहेरच्या दिशेला वळतील असा किल्लीच्या कडेने सारून तुकडा हळूच ओढून काढावा. कुलूप किल्ली घालताना ज्या स्थितीत असते त्याच स्थितीत गाभा असला तरच तुकडा बाहेर येतो. चिकटवण्याचा द्रव लावून तुकडा ओढण्याची युक्ती कोणी सांगेल, ती करू नये. थेंबभर द्रव पत्त्यांवर गेला की कुलूप कायमचे गेले. तुकडे जपून ठेवावेत, त्यावरून किल्ली बनवता येते. आणि नवी किल्ली नेहमी सर्वांत कमी झिजलेल्या किल्लीवरून करून घ्यावी. ती मूळ किल्ली मग रोजच्या वापरात न आणता चिठ्ठी बांधून कपाटात ठेवावी.

आतून उघडणारे दार

आता सर्वांत महत्त्वाचे.

बाहेरचे हँडल बिघडले की मालक लगेच दुरुस्त करतो, कारण त्याला गाडीत बसता येत नाही. आतले हँडल बिघडले तर काच खाली करून हात बाहेर घालून दार उघडायचे, असे वर्षानुवर्षे चालते. "तेवढं चालतंय की!" मागच्या दाराचे आतले हँडल तर पुष्कळ जुन्या गाड्यांत नुसते शोभेला असते.

उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत काय होते ते समजून घ्या. बाहेर ३५ अंश असताना आतील उष्णता पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी वाढते आणि अर्ध्या-पाऊण तासात ५० च्या वर जाते. काच दोन बोटे उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलांचे अंग मोठ्या माणसाच्या तिप्पट ते पाचपट वेगाने तापते. शेडमध्ये किंवा झाडाखाली उभी असलेली बंद पडकी गाडी हे मुलांचे आवडते खेळघर असते. मालकाची मुले, शेजारची मुले, आणि हंगामात आपल्याकडे येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची मुले, जी आईबाप फडात असताना दिवसभर वस्तीवर खेळत असतात. लपाछपीत मूल गाडीत शिरते, दार ओढून घेते, आणि जखडलेला खटका आतून सुटत नाही. काचेचा दांडाही मोडलेला असतो. हाक बाहेर ऐकू येत नाही. डिकीत लपले तर जुन्या गाडीत आतून उघडण्याची सोयच नाही. अमेरिकेत अशाच दुर्घटनांनंतर सप्टेंबर २००१ पासून नव्या मोटारींच्या डिकीत आतून उघडण्याची मूठ सक्तीची करण्यात आली. आपल्या जुन्या गाड्यांत ती नाही, म्हणून काळजी आपणच घ्यावयाची.

यासाठी आम्ही प्रत्येक सभासदाला पुढील गोष्टी कळकळीने सांगू इच्छितो.

चारही दारे आतून, एका लहान मुलाच्या ताकदीने उघडली पाहिजेत. स्वतः आत बसून एकेक दार उघडून पाहावे. मागच्या दाराच्या कडेला मुलांसाठीचा छोटा खटका असेल तर तो कोणत्या स्थितीत आहे ते पाहावे. तो लावलेला असला तर दार आतून उघडत नाही.

चालू स्थितीतील गाडी उभी करताना सर्व दारांना व डिकीला कुलूप लावावे आणि किल्ली मुलांच्या हाती लागेल अशी खुंटीवर टांगू नये.

जी गाडी पुन्हा रस्त्यावर येणारच नाही तिच्या दारांचे व डिकीचे खटके काढूनच टाकावेत. दार लागलेच नाही तर कोणी अडकणार नाही.

मूल दिसेनासे झाले तर विहिरीबरोबरच उभ्या गाड्या आणि त्यांच्या डिक्या आधी पाहाव्यात.

आणि कोणी आत अडकलेच तर किल्ली शोधण्यात, मेस्त्री बोलावण्यात वेळ घालवू नये. मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच निवडावी. तिच्या मधोमध न मारता कोपऱ्याशी टोकदार वस्तूने जोराचा घाव घालावा. बाजूच्या काचेचे बारीक दाणे होतात, मोठे सुरे होत नाहीत. समोरची काच फोडण्याच्या नादी लागू नये. मुलाला सावलीत आणून अंग पाण्याने ओले करावे, वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. काच दुसरी मिळते.

वर्षाचे वेळापत्रक

आपल्या कारखान्यात हंगाम संपला की पावसाळ्यात सगळी यंत्रे उघडून त्यांची देखभाल होते. म्हणून तर बॉयलर पेटल्यावर मिल अखंड चालते. गाडीच्या कुलपांनाही वर्षातून दोन वेळा ठरवून घ्याव्यात.

पहिली वेळ पावसाळा संपल्यावर, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. त्या वेळी किल्लीची सर्व कुलपे धुऊन ग्राफाइट द्यावे, खटके साफ करून ग्रीस द्यावे, दाराच्या तळाची भोके मोकळी करावीत. दुसरी वेळ हंगाम संपल्यावर, पाऊस येण्याच्या आत. त्या वेळी धूळ झाडावी, बिजागऱ्यांना तेल द्यावे आणि दाराची आतली हँडले पुन्हा तपासावीत. याशिवाय महिन्यातून एकदा गाडीचे प्रत्येक कुलूप, वापरात असो वा नसो, किल्ली लावून एकदा फिरवावे.

सगळ्या कामाला एक सकाळ लागते आणि साहित्य चार-पाच वर्षे पुरते. दुसऱ्या कुलपाच्या शोधात भंगारबाजारात घातलेल्या एका खेपेपेक्षा हे निश्चित स्वस्त पडते. घरातल्या शाळकरी मुलांना या कामात हाताशी घ्यावे. कुलूप कसे चालते ते त्यांना कळेल, आणि गाडीत अडकल्यास दार कसे उघडायचे तेही त्यांच्याकडून तिथेच एकदा करून घ्यावे.